‘पगार’ हा धातु चालवितांना

पगार हा शब्द ज्याच्या कानास गोड लागत नाहीं असा गृहस्थ आमच्या पाहण्यांत अद्याप आलेला नाहीं. महिन्याची पहिली तारीख आणि हा शब्द यांचें साहचर्य आपल्या मध्यम स्थितींतील घरांतून इतकें दृढ झालें आहे कीं, तो परका असेल अशी शंकाहि कोणाच्या मनास शिवत नाहीं. आम्हीं स्वतः ३६ वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, शब्दांच्या व्युत्पत्त्या सांगून मुलांना कंटाळा आणिला, आणि दरमहा पगार घेतला. परंतु ज्या शब्दाच्या बळावर आमचा संसार चालला तो मुळांत नाम नसून क्रियापद आहे, ही गोष्ट आम्हांस वयाच्या ७२ व्या वर्षीं, आणि तीहि आमच्या नातीकडून समजली.

ही नात म्हणजे आमच्या मुलीची मुलगी. उच्च शिक्षणासाठीं स्पेन देशांतील सालामांका येथें जाण्याचें तिचें ठरलें आणि आगाशीच्या आमच्या घरीं स्पॅनिश भाषेचा पाठ सुरू झाला. शिकविणाऱ्या बाई संगणकाच्या पडद्यावर, शिकणारी ओटीवरच्या झोपाळ्यावर, आणि न विचारतां ऐकणारे आम्ही आरामखुर्चींत, अशी ती पाठशाळा होती. एके सकाळीं ‘पागार, पागार’ असा घोष ऐकूं आला, तेव्हां आम्हीं वर्तमानपत्र खालीं ठेवून विचारलें, “काय ग, शिक्षण व्हावयाचें आहे, आणि आतांपासूनच पगाराचा जप?”

“आजोबा, हा पगार नव्हे, पागार. म्हणजे पैसे देणें, चुकते करणें. आणि आपला पगार तरी काय, तोच कीं! पोर्तुगीजांनीं इथें ठेवून दिलेला.”

आम्ही मुकाट्यानें चष्मा पुसला. तिचें म्हणणें खरें होतें. आमच्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजीअप्पांनीं किल्ला सर करीपर्यंत, पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांची सत्ता गेली. पण चावी, बादली, पाव, बटाटा, घमेलें, लिलांव हे त्यांचे शब्द आपल्या घरांत व बाजारांत राहिले. त्यांतलाच एक पगार. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या दोघी लॅटिन भाषेच्या मुली, आणि हा धातु दोघींच्याहि घरीं अक्षरशः सारखाच लिहितात. लॅटिनमध्यें त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ ‘शांत करणें’ असा होता. ज्याचें देणें आहे त्याला शांत करावयाचें, तें चुकतें केल्यावांचून तो शांत होत नाहीं, यावरून ‘देणें’ हा अर्थ आला. आपण मात्र त्यांचें क्रियापद उचललें आणि त्याचें नाम करून ठेविलें. कोणी इंग्रज आपलें ‘देणें’ हें रूप घेऊन त्यालाच पैशाची थैली समजूं लागला, तर जसें होईल तसेंच हें झालें.

त्या दिवसापासून आम्हीहि त्या पाठाचे विद्यार्थी झालों. वसईच्या माणसानें स्पॅनिश शिकणें ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे, असें आम्हीं घरांतील थट्टेखोरांस बजाविलें. सोळाव्या शतकांत वसईस जन्मलेले गोन्सालो गार्सिया, ज्यांच्या नांवाचें महाविद्यालय आज वसईंत आहे, ते फिलिपाईन बेटांत मनिला येथें स्पॅनिश फ्रान्सिस्कन साधूंच्या संघांत सामील झाले आणि १५९३ सालीं त्या साधूंबरोबर दुभाषे म्हणून जपानास गेले. तेथेंच १५९७ च्या फेब्रुवारींत नागासाकी येथें त्यांस वधस्तंभावर चढविण्यांत आलें. शिवाय या व्यवहाराची परतफेडहि होऊन चुकली आहे. पोर्तुगीजांच्या ज्या ‘उत्तर प्रांता’चें वसई हें मुख्य ठाणें, त्या बाजूच्या आपल्या बोलीचें व्याकरण सतराव्या शतकांत एका पोर्तुगीज मिशनऱ्यानें लिहिलें होतें, तें १८५८ सालीं गोव्यांत छापून निघालें. त्यांनीं आमचे धातु चालविले, आतां आम्हीं त्यांचे चालवावे, यांत बिघडलें काय?

आणि धातु चालविणें हें तर आमचें घरचेंच काम. या भाषेंत धातूंचे तीनच गण, आणि ते शेवटच्या अक्षरांवरून ओळखावयाचे : आर, एर आणि ईर. पागार हा पहिल्या गणाचा, अगदीं नियमित आणि सालस. वर्तमानकाळीं तो असा चालतो : पागो, मी देतों, पागास, तूं देतोस, पागा, तो देतो, पागामोस, आम्ही देतों, पागाइस, तुम्ही देतां, पागान, ते देतात. हीं सहा रूपें आम्हीं एकदां मोठ्यानें म्हटलीं आणि अंगावर रोमांच उभे राहिले. पागास यांतील ‘स’ म्हणजे आपल्या ‘वदसि’ मधील सि. पागामोस यांतील ‘मोस’ म्हणजे ‘वदामः’ मधील मस्. पागान याच्या शेवटीं लॅटिनमध्यें ‘न्त’ होता. तो ‘वदन्ति’ मधील न्ति. हजारों वर्षांपूर्वीं ताटातूट झालेल्या भावंडांच्या कपाळावर सारखाच तीळ निघावा तसें हें आहे. एक भेद मात्र दिसला. मराठींत आमची नात ‘देतें’ म्हणेल आणि आम्ही ‘देतों’ म्हणूं. स्पॅनिशमध्यें दोघांनींहि पागोच म्हणावयाचें. क्रियापदाला देणारा पुरुष कीं स्त्री याची चौकशी नाहीं. देणारा कोण, मी कीं तूं कीं तो, एवढीच चौकशी आहे. ती मात्र फार कडक आहे.

तिचा प्रत्यय भूतकाळांत आला. झालेल्या, संपलेल्या क्रियेचीं रूपें अशीं : पागे, मीं दिले, पागास्ते, तूं दिलेस, पागो, त्यानें दिले, पागामोस, आम्हीं दिले, पागास्तेइस, तुम्हीं दिलेत, पागारोन, त्यांनीं दिले. वाचक म्हणतील, पागो तर वर ‘मी देतों’ म्हणून सांगितलें होतें. त्यांतच मेख आहे. ‘मी देतों’ यांत जोर पहिल्या अक्षरावर, ‘त्यानें दिले’ यांत जोर शेवटच्या अक्षरावर. लिहितांना त्या शेवटच्या स्वरावर एक लहानशी तिरपी रेघ. आमची मराठी जीभ या आघाताला सरावलेली नाहीं. “त्यानें दिले” असें म्हणावयाचें असतां आम्हीं पहिल्या अक्षरावर जोर दिला, तेव्हां नात खदखदून हंसली. “आजोबा, तुम्हीं त्याचें देणें आपल्या अंगावर घेतलेंत कीं!”

त्या वेळीं आम्हीहि हंसलों. पुढें चारच दिवसांनीं तें वाक्य आठवून हंसूं येईनासें झालें.

झालें असें. स्पॅनिश भाषेंत भूतकाळाची दुसरीहि एक तऱ्हा आहे. आजच दिले असतील तर स्पेनमधील माणूस सामान्यतः ‘ए पागादो’ म्हणतो; काल दिले असतील तर ‘पागे’. दक्षिण अमेरिकेंत बहुधा दोहोंसहि ‘पागे’च चालतें. हें ऐकतांच आम्हांस पाणिनीच्या लङ् लकाराचें स्मरण झालें. तोहि ‘आज न घडलेल्या’ भूतकाळासाठींच सांगितला आहे. नातीला लकारांचा तक्ता दाखवावा म्हणून आम्हीं माळ्यावरची वडिलांची पत्र्याची ट्रंक उतरविली. आमचे वडीलहि शिक्षक होते. तक्ता सांपडला, पण त्याच्याखालीं १९६४ सालची जमाखर्चाची वही निघाली.

आमची त्या काळीं अर्ध्या एकराची वाडी होती : थोडी राजेळी केळ, थोडी पानवेल, आणि विहिरीवर रहाट. रहाट हाकण्यास व पाणी लावण्यास एक ख्रिस्ती गृहस्थ येत. आम्ही मुलें त्यांस रहाटकाका म्हणत असूं. वहींत दर महिन्यास त्यांच्या नांवें ३५ रुपये पगार मांडलेला, पुढें ‘दिले’ असा शेरा, आणि आडवी रेघ. जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांपुढें मात्र रेघ नव्हती. एप्रिलच्या शेवटीं वडिलांच्या वळणदार अक्षरांत एवढेंच होतें : “गड्याचा पगार, ४ महिने, रु. १४०. देणें राहिलें.” पुढचीं सारीं पानें आम्हीं चाळलीं. ती रक्कम पुन्हां कोठें आली नाहीं. त्या पावसाळ्यानंतर विहिरीवर तेलाचें इंजिन बसलें, रहाट निघाला, काका दुसऱ्या वाडीस गेले, आणि दोन वर्षांनीं वडील वारले.

वडिलांची बाजू सांगणें आमचें कर्तव्य आहे. ज्या संस्थेंत ते शिकवीत होते तिनें त्या चार महिन्यांत शिक्षकांस पगार दिला नव्हता. संस्था कोणती हें सांगण्याचें आतां कारण नाहीं. त्याच वहींत ‘पगार आला नाहीं’ असे चार शेरे ओळीनें आहेत. इंजिनासाठीं पैसे मात्र कर्जाऊ मिळाले होते, हेंहि त्याच वहींत आहे. तें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

‘देणें राहिलें.’ या दोन शब्दांकडे आम्ही किती तरी वेळ पाहत बसलों. ३६ वर्षें व्याकरण शिकविलेल्या मनुष्यास त्यांतला कर्ता दिसेना. मराठी भूतकाळाची घडणच अशी आहे. ‘मीं रुपये दिले’, ‘त्यानें रुपये दिले’, ‘आम्हीं रुपये दिले’ : क्रियापद रुपयांच्या मागून जातें, देणाऱ्याच्या नव्हे. कर्त्यास काढून टाकलें तरी ‘रुपये दिले’ हें वाक्य सुखानें उभें राहतें, आणि ‘राहिलें’ म्हटलें कीं देणारा मुळींच नको. आमच्या वसई तालुक्यांतील तर्खड गांवावरून ज्यांचें आडनांव पडलें त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनीं १८३६ सालीं आपलें मराठी व्याकरण प्रसिद्ध केलें. पुढें १९११ सालीं मोरो केशव दामल्यांनीं तें शास्त्र फार खोल नेलें. या थोरांनीं आपल्या भाषेच्या या प्रयोगांचें यथास्थित विवेचन केलें आहे, आणि त्यांत दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण सोय आहे खरी. स्पॅनिशमध्यें ती सोय थोडी कमी. सर्वनाम गाळतां येतें, पण प्रत्यय कर्त्याचें बोट धरूनच उभा असतो.

आम्ही कोणास कांहीं बोललों नाहीं. नातीचा पाठ पुढें चालू होता. चालू असलेल्या किंवा नेहमींच्या भूतकाळाचीं रूपें आलीं : पागाबा, पागाबास, पागाबा, पागाबामोस, पागाबाइस, पागाबान. हा काळ शिकविण्यास मराठी मुलाला फारसा त्रास पडूं नये. आपला रीतिभूतकाळ तोच. काका पहाटे येत, बैल जुंपीत, रहाटाची कुरकुर ऐकत आम्ही जागे होऊं, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारीं वडील त्यांच्या हातावर पगार ठेवीत. हें सारें पागाबा. फक्त चार महिन्यांना तो काळ लागेना.

भविष्यकाळ आणखीच बोलका निघाला. पागारे, पागारास, पागारा, पागारेमोस, पागारेइस, पागारान. या रूपांत पागार हा शब्द सबंधच्या सबंध राहतो, आणि त्याच्या पुढें ‘जवळ असणें’ या अर्थाच्या जुन्या धातूचे वर्तमानकाळचे तुकडे चिकटले आहेत. म्हणजे ‘मी देईन’ याचा मूळ अर्थ ‘मला देणें आहे’ असा. पुढें होणारी गोष्ट नव्हे, आजच माथ्यावर असलेली गोष्ट. याच पागारे शब्दाचें स्पॅनिशमध्यें नामहि झालें आहे : अमुक तारखेस रक्कम देईन अशी जी वचनचिठ्ठी लिहून देतात तिचें नांव ‘पागारे’. आपण त्यांचें ‘देणें’ घेऊन त्याचा पगार केला. त्यांनीं स्वतः ‘देईन’चा दस्तऐवज केला. आमच्या ट्रंकेंतली वही म्हणजे ६० वर्षांमागला असाच एक पागारे होता.

मग अर्थ आले; म्हणजे ज्यांस आपल्या व्याकरणांत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ म्हणतात ते. विध्यर्थाच्या जवळचीं रूपें करण्याची युक्ति सोपी आहे : अकाराच्या जागीं एकार आणावा. पागे, पागेस, पागे, पागेमोस, पागेइस, पागेन. लिहितांना ‘ग’चा उच्चार टिकावा म्हणून मध्यें एक उकार घालतात, पण तो लिपीचा प्रश्न; धातु नियमितच राहतो. ‘त्यानें द्यावे अशी माझी इच्छा आहे’, ‘त्यानें दिले असावे अशी मला आशा आहे’, अशा ठिकाणीं, म्हणजे जेथें गोष्ट घडल्याचा दाखला नाहीं, केवळ मनाचा ओढा आहे, तेथें हीं रूपें येतात. वडिलांनीं पुढें केव्हां तरी ते रुपये दिले असावे, या अर्थांत आम्ही चार दिवस राहत होतों. संकेतार्थ तर आमच्यासाठींच केला असावा : वडिलांना पगार मिळाला असता तर त्यांनीं काकांचा पगार दिला असता. दोन्हीकडे तोच धातु, आणि मध्यें एक ‘जर’.

शेवटीं आम्हीं वही नातीपुढें ठेविली. तिनें ती वाचली, रकमेवर बोट ठेवून थोडा वेळ थांबली, आणि हळूच म्हणाली, “पागेमोस, आजोबा.” या भाषेंत ‘देऊं या’ असें म्हणण्यास आज्ञार्थाचें वेगळें रूप नाहीं, इच्छेचेंच रूप वापरतात.

रहाटकाका जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. पण त्यांची थोरली मुलगी जवळच्याच एका वाडींत राहते हें चौकशीनें कळलें. बाई आमच्याहून वयानें मोठ्या, अंगणांत सुकेळ्यांसाठीं सोललेलीं केळीं उन्हांत मांडून बसल्या होत्या. आम्हीं ओळख दिली, तेव्हां म्हणाल्या, “मास्तरांचे धाकटे ना तुम्ही? रहाटावर बसायला रडत होतां.” आम्हीं वही उघडून दाखविली आणि आजच्या दरानें चार महिन्यांची मजुरी होईल तेवढी रक्कम घातलेलें पाकीट पुढें केलें.

त्यांनीं तें उघडलें नाहीं. “ताई, हें काकांचें आहे, उशीर झाला, पण घ्यावें,” असें आम्ही म्हणालों. तेव्हां त्या जें बोलल्या तें त्यांच्या बोलींत फार गोड होतें. आम्हांस तें जसेंच्या तसें लिहितां येत नाहीं. मतलब असा : “त्या वर्षीं मास्तरांचा पगार बंद होता हें बाबांना ठाऊक होतें. मास्तर देतील, असें ते म्हणत. पण तुमची आई दर शनिवारीं मागच्या दारानें आम्हांला तांदूळ देई. इंजिन आल्यावरहि देई, मास्तर गेल्यावरहि एक वर्ष देई. तें या वहींत कोणीं लिहिलें आहे काय?”

लिहिलें नव्हतें. आम्हीं पुन्हां पान पाहिलें, जणूं तें आतां तेथें उमटलें असेल. आमची आई अक्षरशत्रू नव्हती, पण वही वडिलांची होती. ‘देई’! ज्या काळाचें रूप त्या चार महिन्यांना लागत नाहीं म्हणून आम्ही कष्टी होतों, तो काळ मागच्या दारानें तीन वर्षांहून अधिक चालूच होता. पागाबा, पागाबा.

म्हणून देणें फिटलें होतें काय? आमच्या मतें नाहीं. तांदूळ आईचे होते, आणि पगार वडिलांनीं कबूल केला होता. बाईंचाहि हिशेब तोच निघाला. पाकिटांतून त्यांनीं बरोबर १४० रुपये मोजून घेतले, वर एक पैसा घेतला नाहीं. “एवढे बाबांचे. बाकीचें तुमच्या आईनें दिलें,” असें म्हणून त्यांनीं पाकीट परत केलें, आणि निघतांना केळीच्या सोपटांत बांधलेलीं गेल्या वर्षीचीं सुकेळीं नातीच्या हातांत दिलीं.

घरीं येतांना नात म्हणाली, “आतां म्हणा, पागामोस.” आम्हीं म्हटलें, आणि मग आमच्या लक्षांत आलें कीं या गणांत ‘आम्ही देतों’ आणि ‘आम्हीं दिले’ हीं दोन्हीं एकच रूप आहेत. “मग काळ ओळखावा कसा?” आम्हीं विचारलें. “मागचें पुढचें वाक्य पाहून,” ती म्हणाली. इतर सर्व पुरुषांना काळाचा हिशेब स्पष्ट आहे. ‘आम्ही’ म्हणणाऱ्याला तेवढा नाहीं. घराण्याच्या नांवानें बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

रात्रीं आम्हीं वडिलांची वही काढली, त्या रकमेवर रेघ ओढली, आणि पुढें ‘दिले’ असा शेरा मारून तारीख घातली. मग थोडा विचार करून त्या ‘दिले’च्या आधीं ‘आम्हीं’ हा शब्द लिहिला. खालच्या कोऱ्या ओळींत ‘तांदूळ, दर शनिवारीं, आई देई’ एवढें नातीनें आपल्या हातानें लिहिलें.

येत्या भाद्रपदांत ती सालामांकेस जाईल. तें विद्यापीठ १२१८ सालचें. याच शहरीं १४९२ सालीं नेब्रिखा नांवाच्या पंडितानें स्पॅनिश भाषेचें पहिलें व्याकरण छापविलें. तेथें ती मोठीं मोठीं पुस्तकें वाचील आणि आमचा हा ओटीवरचा धातुपाठ तिला बाळबोध वाटेल. वाटो. आमच्या वाचकांस मात्र एक विनंति आहे. ज्यांच्या घरीं वडिलांच्या किंवा आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या माळ्यावर पडल्या असतील, त्यांनीं त्या रद्दींत देण्यापूर्वीं एकवार चाळून पाहाव्या. कोठें ‘राहिलें’ असें सांपडलें, तर त्याचा कर्ता कोण तें शोधावें. आणि घरांतील वडीलधाऱ्या बायकांना विचारल्यावांचून हिशेब पुरा झाला असें मानूं नये.